प्रागच्या नाटकांच्या जाहिराती नीट वाचूया

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतला पूर्व युरोपच्या रंगभूमीवरचा लेख वाचला. ‘साम्यवाद गेला आणि नाटक बाजारू झालं’ हा त्यातला निष्कर्ष मला पटला नाही. निदान प्रागपुरता तरी तो फार घाईचा आहे.

प्राग ज्याची राजधानी होती त्या चेकोस्लोव्हाकियात 1989 पूर्वी, कम्युनिस्ट राजवटीत, कोणत्या नाट्यगृहात वर्षभर काय लागणार, याची यादी आधी सरकारदरबारी मंजूर व्हावी लागे आणि तिच्यात सोव्हिएत नाटकांचा वाटा धरावाच लागे. नाटककार व्हाक्लाव हावेल यांना तर 1968 च्या सोव्हिएत आक्रमणानंतरच्या दडपशाहीत मायदेशी रंगमंचच उरला नाही. 1975 मध्ये, ‘बेगर्स ऑपेरा’ या जुन्या इंग्रजी संगीतनाट्यावरून त्यांनी लिहिलेलं नाटक हौशी मंडळींनी प्रागच्या वेशीवरच्या एका खानावळीत केलं. प्रयोग एकच झाला, पण करणाऱ्यांच्याच नव्हे, पाहणाऱ्यांच्याही मागे पोलिसांचा ससेमिरा लागला. (आपल्या पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’चं मूळही, जर्मन नाटककार ब्रेख्तमार्गे, याच कथेत आहे.)

17 नोव्हेंबर 1989 ला प्रागमध्ये विद्यार्थ्यांना पोलिसांनी झोडपलं आणि दुसऱ्याच दिवशी रंगकर्मींनी संप पुकारला. प्रयोग थांबले, नाट्यगृहं मात्र उघडीच राहिली. प्रेक्षक येऊन बसत, नट संपाचं निवेदन वाचून दाखवत आणि मग चर्चा सुरू होई. 19 तारखेला सिव्हिक फोरम या राजवटविरोधी आघाडीची स्थापनाही चिनोहेर्नी क्लुब या नाट्यगृहातच झाली. 29 डिसेंबरला हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यानंतर प्रेक्षक रोडावले, हे खरं. पण याला रसिकतेचा ऱ्हास म्हणणं अन्यायाचं आहे. जे वर्तमानपत्रात छापून येत नव्हतं ते ऐकायला लोक नाटकाला जात होते. जुन्या नाटकातल्या एखाद्या वाक्यातही त्यांना आजच्या राज्यकर्त्याचं नाव ऐकू येई. वर्तमानपत्रंच मोकळी झाल्यावर नाटकाला नाटक म्हणूनच उभं राहावं लागलं. ही परीक्षा अवघड होती आणि ती व्हायलाच हवी होती.

1995 मध्ये ‘ड्रॅक्युला’ हे संगीतनाट्य गाजलं, त्याची जागा लेखकांनी सांगितली असती तर बरं झालं असतं. 1981 मध्ये उघडलेल्या ज्या संस्कृती प्रासादात कम्युनिस्ट पक्षाची अधिवेशनं भरत, तिथेच, नाव बदललेल्या त्या वास्तूत, तिकीट काढून लोक रक्तपिपासू सरदाराची प्रेमकथा बघत होते. त्या समाजाला काय झालं होतं, हे याहून स्पष्ट कुठल्या गंभीर नाटकाने सांगितलं असतं? शिवाय ही एकच बाजू. त्याच्या आदल्या वर्षी ना झाब्राड्ली नाट्यगृहात दिग्दर्शक पेटर लेब्ल यांनी चेखॉव्हचं ‘सीगल’ केलं होतं. एकाच शहरात दोन्ही चाललं होतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वर्ष 2008 वाटतं, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. त्या वर्षी हावेल यांचं ‘लीव्हिंग’ (म्हणजे ‘निघून जाणं’) आर्खा नाट्यगृहात आलं: सत्ता गेलेला एक नेता, सरकारी बंगला सोडायची वेळ आणि पाठोपाठ येणारा नवा, व्यवहारी सत्ताधारी. त्याच वर्षी प्राग महापालिकेने विकल्या गेलेल्या तिकिटांच्या हिशेबाने अनुदान द्यायचं ठरवलं आणि रंगकर्मी निषेधाला उतरले. नाटकं कुणी ठरवायची, सरकारी यादीने की गल्ल्याने, हा वाद तेव्हा थेट पालिकेच्या दारात पोहोचला.

1993 मध्ये वेगळ्या झालेल्या शेजारच्या स्लोव्हाकियात हा वाद आजही मिटलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या संस्कृतिमंत्र्यांनी राष्ट्रीय नाट्यगृहाचे संचालक मातेय ड्रलिचका यांना पदावरून काढलं आणि ब्रातिस्लाव्हात हजारो लोक रस्त्यावर आले. ज्या देशातलं नाटक ‘बाजारू’ होऊन संपलं असं आपण म्हणतो, तिथे एका नाट्यगृहाच्या संचालकासाठी ही गर्दी जमली. यावर सविस्तर लेख आपण छापावा, अशी मनापासून विनंती आहे.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक, पुणे