किनाऱ्यावर आलेल्या समुद्रपक्ष्यांची नोंद ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कोकणच्या पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक किनाऱ्यावर ‘दुर्मीळ विदेशी पक्षी’ सापडला, ग्रामस्थांनी त्याला जीवदान दिले. फोटोत पक्ष्यापेक्षा माणसेच जास्त. पक्षी नक्की कोणता, प्रौढ की पिल्लू, पायात संशोधकांनी ओळखीसाठी घातलेली क्रमांकाची रिंग होती का, पुढे जगला का, यातले काही कळत नाही.

यातले बरेच पक्षी मुळात फार दुर्मीळ नसतात. ते जमिनीपासून लांब राहतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत एवढेच. मास्क्ड बूबी हा समुद्रपक्षी ओमानजवळच्या हल्लानियात बेटांवर घरटी करतो. सूटी टर्न (सुरय पक्ष्याची एक जात) तर लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर, म्हणजे आपल्याच देशात वीण करतो. त्याचे पिल्लू एकदा उडाले की काही वर्षे बहुतेक हवेतच काढते. नैऋत्येचा वारा उसळला की यातले दमलेले, उपाशी पक्षी आपल्या वाळूत येऊन पडतात. नेमकी त्याच वेळी, १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते आणि खोल समुद्रात पाहायला कोणी नसते. तेव्हाच्या अरबी समुद्राची जी काही खबर मिळते ती बरीचशी अशी वाहून आलेली, आणि तीही आपण सेल्फी काढून घालवतो.

नीट नोंद ठेवली तर किती कळते पाहा. ग्रीनलँडमध्ये आर्क्टिक टर्नच्या पायाला १.४ ग्रॅमचे यंत्र बांधून संशोधकांनी त्यांचा वर्षभराचा प्रवास शोधून काढला. तो सरासरी ७०,००० किलोमीटरच्या घरात निघाला. २०१० साली हे प्रसिद्ध झाले. यंत्र फक्त उजेड टिपते. दिवस किती मोठा आणि दुपार कधी झाली, यावरून जागेचा अंदाज बांधायचा. पण ते स्वतः काही कळवत नाही. पक्षी पुढच्या हंगामात विणीच्या वसाहतीत परतला आणि हाती लागला, तरच माहिती मिळते. आमच्या वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ले रॉक्स या खडकाळ बेटांवर ब्रायडल्ड टर्न वीण करतात, तिथे असे काम करण्याजोगे आहे. मात्र त्याआधी विणीच्या दिवसांत हौशी मंडळींचे तिथे उतरणे थांबायला हवे.

यंत्र नसले तरी साधी रिंगही पुष्कळ सांगते. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर १९५६ साली रिंग घातलेल्या ‘विझ्डम’ नावाच्या अल्बट्रॉस मादीने २०२४ मध्येही अंडे घातले! रिंग नसती तर तिचे वय कोणाला कळले असते? आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) ही संस्था १९२७ पासून पक्ष्यांना रिंग घालत आली आहे.

म्हणून वनविभागाला विनंती, की किनाऱ्यालगतच्या प्रत्येक परिक्षेत्रात अशा पक्ष्यांसाठी एक वही ठेवावी : तारीख, जागा, चोच, पंख व पायांचे फोटो, वजन, रिंगचा क्रमांक. पक्षी मेलेला असला तरी पुरण्याआधी एवढे करावे. आणि समुद्रपक्षी आहे म्हणून त्याला पुन्हा लाटांत सोडणे आधी बंद व्हावे. फ्रिगेटबर्डसारख्या समुद्रपक्ष्याचीही पिसे पाण्यात भिजतात. दमलेला पक्षी तिथेच बुडेल. त्याला खोक्यात, अंधारात, कोरडा ठेवून वनविभागाला कळवावे, पाणी किंवा मासा बळेच भरवू नये.

किनाऱ्यावरच्या शाळांनी या नोंदी ठेवायचे मनावर घेतले, तर वनरक्षकावरचा भारही थोडा हलका होईल.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले