पेन स्टेटच्या मुलांनी मैदान सोडले नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत महासाथीच्या काळातील खेळांचा आढावा घेणारा लेख वाचला. टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले, आयपीएल अमिरातीतील रिकाम्या मैदानांवर झाली, या ओघात लेखकाने अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचाही उल्लेख केला आहे. त्यात पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठाचा संघ २०२० मध्ये करोनामुळे सलग पाच सामने हरला आणि अखेर मैदान सोडून घरी गेला, अशा आशयाचे एक वाक्य आहे. मी याच विद्यापीठाच्या गावात, स्टेट कॉलेज येथे, अनेक वर्षे राहते आणि तो हंगाम मी जवळून पाहिला आहे. पराभव करोनाच्या माथी मारणे आणि खेळाडूंनी पळ काढला असे सुचवणे, या दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला धरून नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

येथे फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच घालून लांबट चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. या खेळाचे या गावातील स्थान सांगायचे तर येथील बीव्हर स्टेडियमची क्षमता तेव्हा १,०६,५७२ होती, म्हणजे गावाच्या स्वतःच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक. २०२० मध्ये त्या स्टेडियममध्ये फक्त खेळाडूंच्या कुटुंबीयांना प्रवेश होता. एरवी ज्या शनिवारी आमच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या शनिवारी रस्ता मोकळा असे.

पेन स्टेट ज्या ‘बिग टेन’ या विद्यापीठ-समूहात खेळते, त्याने ११ ऑगस्ट २०२० रोजी हंगाम पुढे ढकलला. खेळाडू, पालक, प्रशिक्षक आणि राजकारणी अशा सर्व बाजूंनी दबाव आला आणि १६ सप्टेंबरला तोच निर्णय फिरवण्यात आला. रोजची प्रतिजन चाचणी, बाधित खेळाडूला २१ दिवस मैदानाबाहेर ठेवणे आणि परतण्यापूर्वी त्याच्या हृदयाची तपासणी, अशा अटींवर ऑक्टोबरच्या अखेरीस खेळ सुरू झाला. हंगाम खेळवायला हवा होता का, याविषयी माझे मत तेव्हाही प्रतिकूल होते आणि आजही आहे. परंतु तो खेळवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते वेगळे आणि मैदानात उतरून जे हरले ते वेगळे. आपल्या लेखात हे दोघे एकाच वाक्यात कोंबले गेले आहेत.

२४ ऑक्टोबरचा पहिला सामना इंडियानाविरुद्ध झाला. पेन स्टेट तेव्हा देशात आठव्या क्रमांकावर होते आणि इंडियाना क्रमवारीतच नव्हते. शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती, पेन स्टेट २१-२० असे पुढे होते आणि चेंडू त्यांच्याच ताब्यात होता. अशा वेळी गोलरेषेच्या अलीकडे जमिनीवर बसकण मारून वेळ संपू द्यायची असते. प्रतिस्पर्ध्यांनी मुद्दाम वाट मोकळी करून दिली, चेंडू घेऊन धावणारा मुलगा रेषेजवळ अडखळला, थांबावे असे बहुधा त्याच्या मनातही आले, पण तोवर तो रेषेच्या पलीकडे गेला होता. गुण मिळाले आणि चेंडूही इंडियानाला मिळाला. त्यांनी उरलेल्या वेळात बरोबरी साधली आणि जादा वेळात त्यांचा मायकेल पेनिक्स ज्युनियर कोपऱ्यातील खुणेच्या दिशेने झेपावला. त्याच्या हातातील चेंडूचे टोक आधी खुणेला लागले की तो आधी मैदानाबाहेर पडला, हे पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहून तपासले आणि निकाल कायम ठेवला. इंडियाना ३६, पेन स्टेट ३५. पेन स्टेटने त्या दिवशी चेंडू एकूण ४८८ यार्ड पुढे नेला होता आणि इंडियानाने २११. धावणाऱ्या मुलाचे नाव मी लिहीत नाही, कारण त्याला ते पुरेसे ऐकवले गेले आहे.

या पराभवात करोना कोठे आहे? सामना खेळातील एका चुकीने गेला. जिंकलेला संघही त्याच चाचण्या करून, तशाच रिकाम्या बाकांसमोर खेळत होता आणि इंडियानाने तो हंगाम सहा विजय व दोन पराभव असा संपवला. पुढे पेन स्टेटला ओहायो स्टेटने ३८-२५, मेरीलँडने ३५-१९, नेब्रास्काने ३०-२३ आणि आयोवाने ४१-२१ असे हरवले. १८८७ पासून खेळणाऱ्या या संघाने हंगामाचे पहिले पाचही सामने गमावल्याची ती पहिलीच वेळ होती. मेरीलँडविरुद्धचा खेळ तर सर्वस्वी वाईट होता आणि त्याला कोणत्याही सबबीची मदत होऊ शकत नाही.

महासाथीचा काहीच वाटा नव्हता, असे मी म्हणत नाही. आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा नवा प्रशिक्षक त्याच वर्षी आला होता आणि वसंत ऋतूतील सराव टाळेबंदीमुळे बुडाल्याने त्याची पद्धत मुलांच्या अंगवळणी पडण्याआधीच सामने सुरू झाले. संघाचा सर्वोत्तम बचावपटू मायका पार्सन्स याने ऑगस्टमध्येच माघार घेतली आणि घरी लहान मूल असताना त्याने तसे करणे मला पूर्णपणे योग्य वाटले. पण जर्नी ब्राउन हा धावपटू गेला तो हृदयाच्या स्नायूंच्या आजारामुळे. आधीच्या मोसमात वर्षाअखेरच्या ‘कॉटन बोल’ या सामन्यात २०२ यार्ड धावलेल्या या मुलाला नोव्हेंबरमध्ये खेळच सोडावा लागला. नोआ केन हा दुसरा धावपटू पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. साथ नसती तरी त्याचा पाय दुखावलाच असता.

साथीने संघ खरोखर मोडल्याचे उदाहरण हवे असेल तर ते टेनेसीतील वँडरबिल्ट विद्यापीठाचे द्यावे लागेल. चेंडूला लाथ मारणारे त्यांचे खेळाडू विलगीकरणात अडकल्याने महिलांच्या सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर हिला बोलावण्यात आले आणि २८ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध ती मैदानात उतरली. तो सामना वँडरबिल्ट ४१-० असा हरले, दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षकाला काढण्यात आले आणि हंगाम नऊच्या नऊ पराभवांनी संपला. पेन स्टेटचा ठरलेला एकही सामना रद्द झाला नाही. दोन्ही संघांचे अपयश एकाच कारणाखाली टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही.

आता लेखातील दुसऱ्या आरोपाविषयी, जो मला अधिक लागला. त्या वर्षी खेळणाऱ्या कोणत्याही खेळाडूचा हंगाम त्याच्या पात्रतेच्या वर्षांत धरायचा नाही, असे महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिने ऑगस्टमध्येच ठरवले होते. माघार घेणाऱ्याची शिष्यवृत्तीही सुरक्षित होती. म्हणजे पाच पराभवांनंतर एखादा मुलगा बॅग भरून घरी गेला असता तर त्याचे वर्ष वाया गेले नसते की शिक्षणाचा खर्च थांबला नसता. पगार तर कोणालाच नव्हता. रोज सकाळी नाकात कांडी घालून घ्यायची, वर्ग संगणकावर करायचे, सहकाऱ्यांखेरीज कोणाला भेटायचे नाही आणि शनिवारी हरायचे, असा तो क्रम होता. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांच्या मुलीला सिकलसेल असल्यामुळे त्यांचे कुटुंब संसर्ग टाळण्यासाठी त्यांच्यापासून दूर राहत होते. विदर्भातील आपल्या वाचकांना या आजारातील धोका वेगळा सांगायला नको. फ्रँकलिन यांच्या डावपेचांवर मी पुष्कळ टीका केली आहे, पण त्या काळात ते काही सहन करत नव्हते असे कोणी म्हणू नये.

या मुलांनी २८ नोव्हेंबरला ॲन आर्बरला जाऊन मिशिगनला २७-१७ असे हरवले. त्यानंतर रटगर्स २३-७, मिशिगन स्टेट ३९-२४ आणि १९ डिसेंबरला इलिनॉय ५६-२१. ज्या हंगामात मिळवण्यासारखे काहीच उरले नव्हते, त्यात सलग चार विजय आले. नऊ सामने ठरले होते आणि नऊही खेळले गेले. चार विजय, पाच पराभव. २००४ नंतर प्रथमच पेन स्टेटचे पराभव विजयांपेक्षा अधिक झाले, ही नोंद खरी आहे आणि ती पुसावी असे मला वाटत नाही.

लेखकाने ‘मैदान सोडले’ म्हटले आहे ते याच्या नंतरचे. वर्षाअखेर निमंत्रणावरून होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांसाठी एरवी निम्मे तरी विजय लागतात. त्या वर्षी ती अट उठवली होती, त्यामुळे पेन स्टेटला दहावा सामना खेळता आला असता. विद्यापीठाने खेळाडूंशी बोलून तो नाकारला आणि मुले नाताळसाठी आईवडिलांकडे गेली. हरलेल्यांनी तोंड लपवले असा याचा अर्थ लावायचा, तर बोस्टन कॉलेज आणि पिट्सबर्ग यांचे काय करायचे? सहा विजय आणि पाच पराभव असलेल्या या दोन्ही संघांनी त्याआधीच बोल सामन्यांना नकार दिला होता. उलट केवळ तीन विजय आणि सात पराभव असलेले मिसिसिपी स्टेट बोल सामना खेळले आणि जिंकलेही. जय-पराजयाचा या निर्णयाशी संबंध नव्हता. हंगाम थांबवणे, पुन्हा सुरू करणे, तारखा ठरवणे, प्रक्षेपणाच्या वेळा ठरवणे, हे सारे त्या वर्षी मुलांच्या हाती नव्हते. घरी जावे की नाही, हे मात्र त्यांना विचारले गेले.

जाब विचारायचाच असेल तर तो विद्यापीठांना विचारावा, आणि त्यासाठी लेखात जागा होती. महासाथीच्या ऐन लाटेत सामने झाले त्यामागे दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न होते, आणि त्यातील वाटा खेळणाऱ्यांना मिळत नव्हता. स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे कमावण्याची मुभा त्यांना १ जुलै २०२१ पासून मिळाली आणि विद्यापीठाच्या उत्पन्नातला थेट हिस्सा मिळण्याचा मार्ग तर न्यायालयाच्या मंजुरीनंतर २०२५ मध्ये मोकळा झाला. २०२० चा हंगाम खेळताना मुलांना यातले काहीही मिळत नव्हते. त्या हंगामाची भरपाई म्हणून त्यांना एक जादा वर्ष मिळाले, एवढेच. त्या हंगामातील चुकांबद्दल सर्वाधिक बोलणी खाणारा, मैदानावर आक्रमण चालवणारा खेळाडू (क्वार्टरबॅक) शॉन क्लिफर्ड याने ते वर्ष घेतले, २०२२ चा हंगाम खेळला आणि २ जानेवारी २०२३ रोजी रोझ बोलमध्ये यूटाला ३५-२१ असे हरवूनच विद्यापीठ सोडले.

तरी माझी विनंती अशी की, पेन स्टेट संघाने मैदान सोडले हे विधान आपण दुरुस्त करावे आणि संघाने ठरलेले नऊही सामने खेळून त्यांतील शेवटचे चार जिंकले, ही माहिती पुढील अंकात द्यावी. लेखमाला पुढे चालू राहणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्यात हंगाम सुरू करण्याचे निर्णय कोणी आणि कशासाठी घेतले यावर स्वतंत्र लेख आला, तर तो वाचण्यास मी उत्सुक आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
स्टेट कॉलेज, पेनसिल्वेनिया