पुरस्कार वगळून उरलेला सोहळा

माननीय केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आम्ही चार तास टीव्हीसमोर बसून एक चित्रपट पुरस्कार सोहळा पाहिला. वाहिनीचं नाव घेत नाही, कारण तऱ्हा सगळ्यांची तीच. आम्हाला फक्त साउंड डिझाइनचा पुरस्कार पाहायचा होता. त्या चमूत आमच्या शेजारणीचा मुलगा होता. सोहळा होऊन तीन आठवडे झाले होते, विजेत्यांची यादी पेपरात केव्हाच येऊन गेली होती. तरी मुलगा स्टेजवर जाताना पाहायचा म्हणून ती माउली आमच्याकडे आली होती. दोन सूत्रसंचालकांचे एकमेकांच्या कपड्यांवरचे विनोद झाले, नाच झाले, पहिल्या रांगेतल्या नटांना उठवून नाचवणं झालं. मग ‘तांत्रिक विभागातील विजेते’ अशी पाटी आली, आठ-दहा चेहरे भरभर सरकले आणि ब्रेक! ती मोबाइल सरसावून उभीच होती. फोटोत साबणाची जाहिरात आली.

ब्रेकचं म्हणाल तर नऊ ते दहा या तासात मी घड्याळ लावून मोजलं: २१ मिनिटं जाहिराती. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या सातव्या नियमानुसार तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. १० जाहिरातींना, २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीला. ‘ट्राय’नं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०१३ मध्ये ही मर्यादा लागू करायला घेतली तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि प्रकरण रेंगाळलं. पण नियम तुमच्याच खात्याचा आहे. (सूत्रसंचालक मधेच प्रायोजकाच्या पंख्याचं कौतुक करतो, ते मी धरलेलंच नाही.)

वेळ नाही म्हणून संकलकाला, ध्वनिवाल्याला गाळलं, हे आम्ही ऐकून घेऊ. पण मग एकच विनोद ब्रेकच्या आधी आणि नंतर असा दोनदा कसा बसतो? ऑस्करवाल्यांनीही २०२२ मध्ये संकलन, ध्वनी धरून आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधी उरकले होते. ओरड झाली आणि २०२३ ला ते पुन्हा थेट प्रक्षेपणात आले.

खासगी सोहळ्यात काय दाखवावं हे तुम्ही ठरवू नये, असंच माझं मत आहे. मात्र कार्यक्रम आधीच चित्रित आणि काटछाट केलेला आहे, मूळ सोहळा अमुक तारखेचा, एवढी पट्टी तरी पडद्यावर सक्तीची करा. जाहिरातीत ‘आज रात्री कोण जिंकणार?’ विचारतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मात्र थेट तुमच्या खात्याकडे आहेत. २०१८ साली राष्ट्रपती तासभरच थांबणार म्हणून त्यांच्या हस्ते ११ जणांनाच पुरस्कार दिले गेले, बाकीचे मंत्र्यांच्या हस्ते. पन्नासहून अधिक विजेते आलेच नाहीत. तिथेही घड्याळच आडवं आलं. तेव्हा राष्ट्रीय पुरस्कारांच्या आठवड्यात दूरदर्शनवर रोज अर्धा तास काढा आणि ध्वनी, संकलन, वेशभूषा करणाऱ्यांना त्यांचं काम दाखवत बोलतं करा. दूरदर्शनला वेळ कमी आहे, असं कुणी म्हणणार नाही.

शेजारणीनं तो फोटो अजून पुसलेला नाही. साबणाच्या कोपऱ्यात मुलाचा कान दिसतो, असं तिचं म्हणणं आहे.

आपली,
एक प्रेक्षक