रामन आलेखावर ध्रुवणाची नोंद हवी

महोदय,

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हटलं की रामन यांचं स्मरण होतं. पदार्थावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून तो ओळखायचा, या त्यांच्या पद्धतीने होणाऱ्या मोजमापांबद्दलही लिहायला हवं. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून टिन ऑक्साइडचे पातळ थर माझे विद्यार्थी करतात. रामन वर्णपटात, म्हणजे या विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात, ६३४ सेंमी⁻¹ च्या आसपास त्याचं ठळक शिखर येतं. स्फटिककण एकाच दिशेने बसलेले असतील, तर लेसरच्या ध्रुवणानुसार (प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेनुसार) ते उंच किंवा बुटकं होतं. पण बाहेरून मोजून आलेल्या आलेखावर ध्रुवण कोणतं, नमुना कसा ठेवला होता, याचा पत्ताच नसतो! मग शिखर बुटकं दिसलं की मुलं ‘थर नीट जमला नाही’ असं लिहून मोकळी होतात. त्यांची मेहनत फुकट जाते, याचं फार वाईट वाटतं. मापन केंद्रांनी आलेखाखाली या दोन नोंदी छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

— भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक, सांगली