हिरडीतून येणाऱ्या रक्ताविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

खालच्या पुढच्या दातांपाशी रक्त येतं म्हणून तू तिथं ब्रश लावायचंच सोडलंस, हे वाचून राहवेना. आज रात्रीपासून तिथं ब्रश पुन्हा सुरू कर. रक्त येतं ते ब्रशमुळे नाही, हिरडी आधीच सुजली आहे म्हणून.

दात कितीही लख्ख घासला तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर चढतो. त्याला आधी चिकटतात ते स्ट्रेप्टोकॉकस आणि अ‍ॅक्टिनोमायसिस जातींचे जीवाणू, बहुतेक निरुपद्रवी. जीवाणूंचा हा थर हलवला नाही तर तो जाड होतो, आतला ऑक्सिजन संपत जातो, आणि फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा लांबट, टोकदार जीवाणू वाढतो. तो आधी आलेल्यांनाही धरतो आणि मागून येणाऱ्यांनाही. मागून येणारे म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. सॉक्रन्स्की हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये या तिघांना ‘लाल गटात’ टाकलं, कारण खोल पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडी दातापासून सुटून पडलेल्या खोल फटीत, ते एकत्र सापडतात.

‘नेमका कोणता जंतू?’ असं तू विचारलंस. यातले काही निरोगी तोंडातही अल्प संख्येनं असतात. बिघडतो तो सगळ्या वस्तीचा तोल. जिंजिव्हॅलिसला साखरेत रस नसतो. त्याला प्रथिनं लागतात आणि रक्तातलं हीम, म्हणजे लोह असलेला घटक, लागतं. हिरडी सुजली की दाताभोवतीच्या फटीत द्रव पाझरतो, रक्त उतरतं, म्हणजे त्याचं ताट वाढलेलंच. सूज त्याला पोसते आणि तो सूज टिकवतो. 2011 मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात हा जीवाणू अगदी थोडा असूनही सगळी वस्ती बदलली आणि दातांभोवतीचं हाड झिजलं. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत मात्र तो एकटा हाड झिजवू शकला नाही. मला या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

आणि हाड जीवाणू खात नाहीत. त्यांना हटवायला धावलेल्या आपल्याच पेशी जी रसायनं सोडतात, त्यांनी हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. सूज हिरडीपुरती असेल तर ती पूर्ण उतरते. 1965 मध्ये ल्यो या दंतसंशोधकांनी 12 निरोगी जणांचं दात घासणं थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं सुरू होताच पूर्ववत झाल्या. गेलेलं हाड मात्र सहसा परत येत नाही.

तुझी जागाही योगायोगानं आलेली नाही. जिभेखाली लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात, त्या लाळेतल्या क्षारांमुळे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण लवकर धरतं. ते ब्रशनं निघत नाही, स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्यानं ते खरवडून काढणंच, लागतं. स्केलिंगनंतर फटी दिसतात, दात हलल्यासारखे वाटतात. म्हणून लोक समजतात की सफाईनं दात ढिले झाले. फट आधीच पडलेली असते, कीटणानं ती बुजलेली असते.

मऊ ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशांत टेकव आणि जागच्या जागी हलकेच थरथरव. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. दातांमधल्या जागेत ब्रश पोचत नाही. तिथं रोज एकदा दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश, जोर न लावता जेमतेम घट्ट जाईल त्या मापाचा, आणि जागा फारच अरुंद असेल तर फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा. पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नकोस, आठ-पंधरा दिवसांत ते कमी व्हायला हवं.

तरी दंतवैद्याकडे जाच आणि प्रोबनं, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईनं, फटीच्या खोलीचं मोजमाप करून घे, प्रत्येक दाताच्या सहा जागी. 1 ते 3 मिमी ठीक. 4 किंवा जास्त असेल आणि रक्तही येत असेल तर हिरडीखालची सफाई लागेल. मग 8 ते 12 आठवड्यांनी पुन्हा मोजायचं, तोवर हिरडी भरून येते.

मनानं अँटिबायोटिक घेऊ नकोस. थर जागेवर असताना औषध आतवर नीट पोचत नाही, आणि थर तसाच राहिला तर वस्ती पुन्हा उभी राहते. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक चूळ भरायला सांगितलं तर 0.2 टक्क्यांचं 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडेच. त्यापुढे दातांवर तपकिरी डाग पडतात. पेस्टनंतर अर्धा तास थांब, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं त्याचा जोर कमी होतो. खोल पॉकेटमध्ये ते उतरत नाही.

तुझ्या थोरल्या भावाला रक्त येत नाही म्हणून तो निर्धास्त आहे, असं लिहिलंस. पण दादा सिगारेट ओढतात. धूम्रपानात हिरडीतून रक्त कमी येतं आणि आत हाड झिजत राहतं, त्यामुळे त्यांची मला तुझ्याहून जास्त काळजी वाटते. त्यांना मधुमेह असेल तर एचबीए1सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचा, आकडाही दंतवैद्याला दाखवायला सांग. साखर चढी असली की हिरडी लवकर बिघडते, आणि हिरडी बिघडली की साखर आवरणं अवघड जातं.

दोघं एकदमच जा. मोजमापाचा कागद मागून घे आणि त्याचा फोटो मला पाठव.

तुझा,
मित्र