वसुलीचा फोन खरा की खोटा, हे लोकांनी ओळखायचं कसं?

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली ज्याला त्याला "तुमचा हप्ता थकलाय, आत्ताच्या आत्ता भरा नाहीतर पोलीस घरी येतील" असे फोन येतायत, आणि त्यात खरा वसुलीवाला कोण आणि भामटा कोण हेच लोकांना कळेनासं झालंय, म्हणून हे पत्र.

लोक फसतात कुठे तर समोरचा आपलं नाव, पॅन नंबर, लोनची रक्कम सगळं धडाधड सांगतो, की आपल्याला वाटतं एवढं माहितीये म्हणजे बँकेचाच माणूस. पण आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि फोटो आपण दहा ठिकाणी दिलेले असतात, ॲपवर टाकलेले असतात, ती माहिती कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. त्यामुळे माहिती असणं हा पुरावा नाहीच. अटकेच्या धमकीलाही घाबरू नका, नुसता हप्ता थकला म्हणून कोणी अटक करत नाही, ते दिवाणी प्रकरण असतं (चेक बाउन्स झाला तर गोष्ट वेगळी).

माझं म्हणणं एकच, त्या फोनवर काहीही कबूल करू नका आणि पैसे तर अजिबात भरू नका. नाव, एजन्सी (म्हणजे बँकेने वसुलीसाठी नेमलेली कंपनी) आणि कुठलं लोन एवढं विचारा, फोन ठेवा आणि मग आपण स्वतः बँकेला फोन करा, नंबर लोनच्या कागदावरचा किंवा बँकेच्या ॲपमधला, गुगलवर शोधलेला नको कारण तिथे खोटे कस्टमर केअर नंबर भरपूर आहेत. ही एजन्सी माझ्या खात्यासाठी नेमलीये का, हे सरळ विचारा. लोन आपलं नाहीच असं वाटत असेल तर सिबिलचा (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात आपल्या नावावर काय काय आहे ते दिसतं. आणि मित्राने लोन घेताना रेफरन्स म्हणून तुमचा नंबर दिला असेल तर तुम्ही जामीनदार होत नाही, हे पण लोकांना माहीत नसतं.

रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत की. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत हे ऑगस्ट २०२२ पासून स्पष्ट आहे. घरी येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र पाहिजे. ॲपवरून घेतलेल्या लोनला तर एजंटने संपर्क करायच्या आधीच त्याची माहिती मेसेज किंवा ईमेलने ग्राहकाला द्यायची असते. कोणी स्वतःच्या युपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, आणि खऱ्या बँकेचा एजंट त्रास देत असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांचा नंबर १४४४८.

पण सगळी तपासणी ग्राहकानेच का करायची? शाखेत जाऊन विचारलं तर "ते आमच्याकडे नाही, हेड ऑफिसला विचारा" एवढंच ऐकायला मिळतं. प्रत्येक बँकेने आणि फायनान्स कंपनीने नेमलेल्या एजन्सींची यादी शाखेच्या बोर्डावर मराठीत लावावी आणि खातं एजन्सीकडे दिलं की त्याच दिवशी ग्राहकाला मराठीत मेसेज पाठवावा, ही मागणी तुमच्या पेपरने लावून धरावी अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली