किल्ल्यालगतच्या घराची दुरुस्ती

रोम

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार. ती. आईस सा. नमस्कार.

वसईच्या किल्ल्यालगतचं आपलं किल्लाबंदरचं घर दुरुस्तीला काढायचं ठरवलंस, बरं झालं. ‘किल्ल्यामुळे वीटसुद्धा हलवता येत नाही’ असं गावात म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. संरक्षित स्मारकांच्या २०१०च्या सुधारित कायद्याप्रमाणे स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. हे अंतर संरक्षित हद्दीपासून, म्हणजे संरक्षित म्हणून ठरवलेल्या जागेच्या सीमेपासून मोजतात. लोक तटापासून टेप लावतात आणि तिथेच फसतात. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाही, वरचा मजलाही नाही. पण घर १६ जून १९९२ आधीचं असलं तर दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेव्हा घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची बिलं आधी शोध. परवानगी हातात आल्याशिवाय गवंड्याला सांगू नकोस. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होतं.

मागच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट अजिबात नको. सिमेंट घट्ट असतं. आतली ओल सांध्यातून सुटेनाशी झाली की दगडातून निघते, मीठ तिथेच साठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कळीचा चुना पाण्यात टाकून विरवायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून डोळ्यांत जातो. महिनाभर झाकून भिजू दे. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची रेती. खाडीची नको, ती खारी. सांधे इंचभर खोल कोरून, भिजवून भरायचे आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावायचं. पावसाळा संपून भिंत वाळल्यावरच काम काढ. पिंपळाचं रोप नुसतं छाटलं की पुन्हा फुटतं. कोवळं असतानाच मुळासकट काढ. किल्ल्याच्या तटावरचं मात्र आपण उपटायचं नाही, पुरातत्त्वच्या माणसाला दाखवायचं.

इथे तिसऱ्या शतकातल्या तटाच्या दरवाज्यांतून रोज गाड्या जातात. मेट्रो खणताना सापडलेल्या वस्तू सान जोव्हान्नी स्थानकातच मांडल्यात. जाता-येता सगळे बघतात. काम रखडलं म्हणून कुरकुर इथेही झालीच.

वसईचा किल्ला तर वापरातलाच आहे. नागेश्वराची पूजा, पडक्या चर्चमधला संत गोन्सालो गार्सियांचा सण, चिमाजीअप्पांचं स्मारक. इतकी आपली माणसं तिथे जातात, तरी हद्द कुठून कुठवर हे गावात कुणी नीट समजावलेलं नाही, याचंच वाईट वाटतं. हद्दीचा नकाशा मिळाला की एक प्रत पंचक्रोशीत सगळ्यांना दिसेल अशी लाव.

भिंतीचे फोटो पाठव, सांधे जवळून दिसतील असे.

तुझा धाकटा भाऊ